सिग्मा माहीत नसताना सरासरीचा अंदाज: टी-पद्धत हाताने, पायरी पायरीने

संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सरासरीच्या अंदाजाचं पहिलं उदाहरण बहुतेक वेळा असं सुरू होतं: 'समष्टीचे प्रमाण विचलन ५ आहे असे माना.' मानायला काहीच हरकत नाही. पण ज्या समष्टीची, म्हणजे अभ्यासाच्या संपूर्ण समूहाची, सरासरीच ठाऊक नाही, तिचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप), म्हणजे सिग्मा, कुठून कळलं? खऱ्या कामात हाताशी असतात ते मोजलेले दहा-वीस आकडे. सरासरीही त्यांतूनच काढायची आणि आकडे किती विखुरलेत हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं. हा लेख त्या परिस्थितीसाठी आहे. कागद आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर उत्तम.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण वापरू. समजा, एकाच प्रकारच्या बॅटरी सेलच्या मोठ्या साठ्यातून चिठ्ठ्या टाकून १० सेल निवडले, प्रत्येक सेल सारख्याच भारावर संपेपर्यंत चालवला आणि तास नोंदवले:

३८, ४१, ३६, ४४, ४०, ३९, ४३, ३७, ४०, ४६

प्रश्न असा: संपूर्ण साठ्यातला सेल सरासरी किती तास चालतो?

घोळ नेमका कुठे होतो

सिग्मा माहीत असता तर काम सोपं होतं. नमुन्याची सरासरी घ्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ × सिग्मा ÷ √नमुन्याचा आकार एवढी जागा सोडायची, की ९५ टक्के विश्वासांतर तयार. विश्वासांतर म्हणजे खऱ्या सरासरीचा अंदाज देणारा पट्टा, ज्याला सगळे कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात तेच.

सिग्मा नाही, म्हणून त्याच्या जागी नमुन्यातून काढलेलं प्रमाण विचलन (त्याला पुढे 'एस' म्हणू) घालायचं, इथपर्यंत कोणालाही सुचतं. अडचण अशी की एस हा स्थिर आकडा नाही. पुन्हा दहा सेल काढले तर सरासरी बदलेल तसा एसही बदलेल. कधी योगायोगाने दहाही आकडे एकमेकांच्या जवळ येतात, एस खूपच लहान निघतो, विश्वासांतर अरुंद होतं आणि खरी सरासरी बाहेर राहते. कधी उलट होऊन अंतर गरजेपेक्षा रुंद होतं. पण ही दोन बाजूंची चूक एकमेकींना फेडत नाही. एकूण हिशेबात आपण ठरवल्यापेक्षा जास्त वेळा चुकतो.

किती जास्त, हे नेमकं काढता येतं. आकडे नॉर्मल वितरणातले (मधोमध दाट, दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत जाणारे, घंटेच्या आकाराचे) आहेत असं धरून एस घातला पण १.९६ तसाच ठेवला, तर ५ आकड्यांच्या नमुन्यात '९५ टक्के' म्हणवणारं अंतर प्रत्यक्षात सुमारे ८८ टक्के वेळाच खऱ्या सरासरीला पकडतं. ३ आकड्यांवर हे प्रमाण ८१ टक्क्यांवर येतं आणि २ आकड्यांवर ७० टक्क्यांवर. लेबल तेच राहतं, आतला माल मात्र कमी होतो.

यावरचा इलाज म्हणजे १.९६ च्या जागी नमुना जितका लहान तितका मोठा आकडा घालायचा; त्यालाच आज टी म्हणतात. तो विल्यम सीली गॉसेट यांनी शोधला. ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करत. मद्यनिर्मितीतले प्रयोग खर्चिक, त्यामुळे नमुने लहान, आणि तेव्हाची सगळी सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी बेतलेली. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्यांचा लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. त्यांनी गणिताची पडताळणी कशी केली ते वाचण्यासारखं आहे. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले आणि एकेक उचलत चार-चारचे ७५० नमुने केले. संगणकावर आज जे सिम्युलेशन आपण मिनिटभरात करतो, ते त्यांनी असं हाताने केलं. पुढे रोनाल्ड फिशर यांनी या सिद्धांताला आजचं रूप दिलं. 'टी' हे चिन्ह आणि 'स्वातंत्र्य मात्रा' ही कल्पना त्यांच्यामुळे रूढ झाली.

आता हिशेबाला बसू.

पायरी १: आधी आकड्यांकडे बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एक रेघ ओढा, तिच्यावर आकड्यांचे ठिपके मांडा. आपले दहा ठिपके ३६ ते ४६ मध्ये पसरलेत, मधोमध थोडी दाटी आहे, एकटा दूर पडलेला कोणी नाही. ठीक आहे.

समजा, नोंद करताना शेवटचा ४६ हा ६४ असा उलटा लिहिला गेला. तर सरासरी ४०.४ वरून ४२.२ वर जाते, प्रमाण विचलन ३.१७ वरून थेट ८.०५ वर, आणि विश्वासांतर ३६.४ ते ४८.० तास इतकं पसरतं. एका आकड्याने सगळा हिशेब नासला, आणि सूत्राने कुठेही कुरकुर केली नाही. ठिपके मांडले असते तर ६४ लगेच डोळ्यांत आला असता. मात्र दूरचा ठिपका दिसला म्हणून तो खोडायचा नसतो. मूळ नोंद तपासा. नोंदीत चूक सापडली तर दुरुस्त करा. नाही सापडली तर तो आकडा ठेवा आणि त्याच्यासह व त्याच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरं सांगा.

दुसरी तपासणी आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का याची. दोनच उपकरणं घेऊन प्रत्येकावर पाच-पाच वेळा मोजलं तर हाती दहा आकडे येतात, पण नमुन्याचा आकार दहा होत नाही. एकाच उपकरणाची मोजमापं एकमेकांसारखीच येणार, त्यामुळे एस फसवा लहान निघतो. अशा वेळी प्रत्येक उपकरणाची एकेक सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांवर हिशेब करा, मग नमुना दोनाचाच उरला तरी चालेल. तो खरोखर दोनाचाच होता. निवड यादृच्छिक नसेल, म्हणजे हाताला लागले तेच वरचे सेल उचलले असतील, तर टी-पद्धतही काही वाचवू शकत नाही.

पायरी २: सरासरी आणि प्रमाण विचलन

बेरीज ४०४, भागिले १० म्हणजे सरासरी ४०.४ तास.

आता प्रत्येक आकड्यातून ४०.४ वजा करा:

−२.४, ०.६, −४.४, ३.६, −०.४, −१.४, २.६, −३.४, −०.४, ५.६

इथे क्षणभर थांबा. पहिल्या नऊ फरकांची बेरीज −५.६ येते, म्हणजे दहावा ५.६ असणारच, कारण सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य असते. दहा फरक दिसतात, पण मोकळे नऊच. या नऊला स्वातंत्र्य मात्रा म्हणतात, आणि भागायचं ते या नऊनेच.

फरकांचे वर्ग करून बेरीज केली की ९०.४ येते. ९०.४ ÷ ९ = १०.०४, त्याचं वर्गमूळ ३.१७. हा आपला एस. दहाने भागलं असतं तर ३.०१ आलं असतं. फरक किरकोळ वाटतो, पण तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो: विखुरलेपणा कमी दाखवणारा.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाच्या फंक्शनची दोन रूपं आहेत. शेवटी 'एस' असलेलं नमुन्यासाठी, 'पी' असलेलं पूर्ण समष्टीसाठी. आपल्याला 'एस' हवं. पायथनमध्ये तर गंमतच आहे, तिथल्या आकडेमोडीच्या दोन लायब्ररींत मेळ नाही: नमपाय काही न सांगता पूर्ण संख्येने भागतं आणि पांडाज एक वजा करून. एकाच माणसाला एकाच माहितीवर दोन उत्तरं मिळतात ती यामुळे. शंका आली तर वरचे दहा आकडे घालून बघा. ३.१७ आलं तर बरोबर, ३.०१ आलं तर सेटिंग बदला.

पायरी ३: प्रमाण त्रुटी

एस ÷ √१० = ३.१७ ÷ ३.१६ = १.००२ तास. याला प्रमाण त्रुटी किंवा स्टँडर्ड एरर म्हणतात. एकेक सेल सरासरीपासून साधारण ३.१७ तास इकडेतिकडे असतो, पण दहा सेलची सरासरी साधारण १ तासच इकडेतिकडे होते.

साठाच लहान असेल तर अजून एक दुरुस्ती लागते. एकूण ८० सेलच असते आणि त्यातले १० तपासले असते, तर प्रमाण त्रुटीला √(१ − १०/८०) म्हणजे ०.९३५ ने गुणायचं. नमुना साठ्याच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर या भानगडीत कोणी पडत नाही.

पायरी ४: टी शोधा

टी-तक्त्यात डावीकडे स्वातंत्र्य मात्रा असतात. आपली ओळ ९ ची. ओळ चुकून १० ची घेतली जाते, तेवढं सांभाळा. स्तंभ ९५ टक्के दुहेरी बाजूचा, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.०२५ सोडणारा. तिथे २.२६२ मिळतो.

९५ टक्क्यांसाठी टी कसा उतरत जातो ते एकदा नजरेखालून घाला: स्वातंत्र्य मात्रा १ असताना १२.७०६, २ ला ४.३०३, ४ ला २.७७६, ९ ला २.२६२, १९ ला २.०९३, २९ ला २.०४५, ६० ला २.०००, आणि अनंताला तो परिचित १.९६०. सिग्मा माहीत नसण्याची किंमत म्हणतात ती ही. दोनच आकड्यांवर ती भयंकर आहे, विसापर्यंत बरीच खाली येते आणि नंतर हळूहळू विरून जाते.

'नमुना ३० च्या वर गेला की झेड (म्हणजे नॉर्मल वितरणातला तो स्थिर १.९६) वापरा' हा नियम छापील तक्त्यांच्या काळातला आहे. ३० वरही टी-अंतर झेडपेक्षा ४ टक्क्यांहून थोडं जास्त रुंद असतं, आणि संगणकाला टी काढायला झेडइतकाच वेळ लागतो. माझं मत स्पष्ट आहे: सिग्मा माहीत नसेल तर नमुना १० चा असो की १०००० चा, टीच वापरा. मोठ्या नमुन्यात तो आपोआप १.९६ च्या शेजारी जाऊन बसतो, तुम्हाला काही ठरवावं लागत नाही.

एक्सेलमध्ये टीचा उलटा शोध घेणारी दोन फंक्शन्स आहेत. दुहेरी बाजूच्या फंक्शनला ०.०५ आणि ९ द्यायचं, एकेरीला ०.९७५ आणि ९. दोन्हींचं उत्तर २.२६२ यायला हवं. एकेरीला ०.९५ दिलं की १.८३३ येतो आणि अंतर नकळत ९० टक्क्यांचं होऊन बसतं. तसंच 'कॉन्फिडन्स' नावाचं जुनं फंक्शन आणि त्याचं 'नॉर्म' हे रूप झेडवर चालतं, 'टी' हे रूप आपल्या कामाचं.

पायरी ५: दोन्ही मर्यादा

२.२६२ × १.००२ = २.२७. म्हणून विश्वासांतर ४०.४ ± २.२७, म्हणजे ३८.१ ते ४२.७ तास. मधल्या पायऱ्यांवर दशांश चिन्हापुढचे आकडे कापू नका, शेवटी एकदाच कापा. मोजमाप पूर्ण तासांत केलं असताना उत्तर ३८.१३२९ तास असं लिहिणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणं.

९९ टक्के विश्वास हवा असेल तर टी ३.२५० होतो आणि अंतर ३७.१ ते ४३.७. जास्त खात्री हवी तर जास्त रुंदी पत्करावी लागते.

कधी कधी प्रश्नच एकेरी असतो: 'सरासरी निदान किती तास धरायची?' तेव्हा वरची मर्यादा निरुपयोगी आहे. सगळा ५ टक्के धोका खालच्या टोकाला ठेवा, टी १.८३३ घ्या, आणि खालची मर्यादा ४०.४ − १.८४ = ३८.६ तास मिळते. हे एकेरी की दुहेरी, आकडे बघण्याआधी ठरलेलं असावं. आकडे पाहून सोयीचं टोक निवडलं की ९५ टक्क्यांचा दावा गळून पडतो.

३८.१ ते ४२.७: याचा अर्थ काय लावायचा

येर्झी नेमन यांनी १९३७ साली विश्वासांतराची जी मांडणी केली, तिच्यात ९५ टक्के हा गुण पद्धतीचा आहे. याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने काढून अंतरं काढत राहिलो तर त्यांतली सुमारे ९५ टक्के अंतरं खऱ्या सरासरीला पोटात घेतील. आपलं हे एक अंतर त्यातलं यशस्वी की अयशस्वी, ते कळायला मार्ग नाही. रोजच्या बोलण्यात लोक 'खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के' असं म्हणून मोकळे होतात. काटेकोर अहवालात तसं लिहू नका.

याहून महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: '९५ टक्के सेल ३८.१ ते ४२.७ तास चालतात.' आपल्याच दहा आकड्यांकडे बघा. ३८, ३६, ४४, ४३, ३७ आणि ४६ असे सहा त्या अंतराच्या बाहेर आहेत! हे अंतर सरासरीचं आहे, एकेका सेलचं नव्हे. पुढचा एक सेल किती चालेल याचा अंदाज हवा असेल तर प्रमाण त्रुटीच्या जागी एस × √(१ + १/१०) घ्यायचं, म्हणजे ३.३२. त्याला २.२६२ ने गुणलं की ७.५ तास. म्हणून एका सेलचा अंदाज ३२.९ ते ४७.९ तास. ग्राहकाला एका सेलबद्दल वचन द्यायचं असेल तर हा आकडा बघावा, आणि साठ्याचं एकूण नियोजन करायचं असेल तर आधीचा.

आकडे नॉर्मल नसतील तर

टी-पद्धत आकडे नॉर्मल वितरणातून आलेत असं गृहीत धरते. थोडंफार वाकडंतिकडं वितरण ती सहन करते, विशेषतः दोन्ही बाजू साधारण सारख्या असतील तर. तिला त्रास होतो तो एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांचा: प्रतीक्षेचा वेळ, दुरुस्तीला लागणारा वेळ, उत्पन्न. अशा समष्टीतून लहान नमुना काढला तर शेपटातले मोठे आकडे बहुतेक वेळा नमुन्यात येतच नाहीत. मग सरासरी आणि एस दोन्ही एकदमच लहान निघतात, आणि खरी सरासरी वरच्या मर्यादेच्याही वर राहून जाते.

काही जण अशा वेळी लॉगरिदम घेऊन हिशेब करतात आणि उत्तर परत उलटवतात. ती चांगली युक्ती आहे, पण उलटवून मिळणारं अंतर भूमितीय सरासरीचं असतं, साध्या सरासरीचं नव्हे. एकूण खर्च किंवा एकूण वेळ काढायला साधीच सरासरी लागते, म्हणून हे विसरून चालत नाही. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेलं बूटस्ट्रॅप हा दुसरा मार्ग: आपल्याच नमुन्यातून परत-परत, उचललेला आकडा पुन्हा आत टाकत, नवे नमुने काढायचे. नमुना पन्नासेक आकड्यांचा असेल तर मदत होते. दहावर मात्र त्याचं साधं रूप टी-अंतरापेक्षाही अरुंद पडतं. जे आकडे नमुन्यात आलेच नाहीत ते कुठलीही युक्ती आणून देत नाही, तिथे जास्त मोजमापं घेणं हाच उपाय.

किती सेल तपासायला हवेत

± २.२७ तास फार सैल वाटतं, ± १ तास हवा, असं ठरलं. मग किती सेल लागतील?

पटकन केला जाणारा हिशेब असा: (१.९६ × ३.१७ ÷ १)² = ३८.६, म्हणजे ३९ सेल. पण ३९ सेलवर टी १.९६ नसतो, २.०२ च्या आसपास असतो. टी घालून पुन्हा हिशेब केला, उत्तर स्थिर होईपर्यंत एक-दोनदा फिरवला, की ४२ येतात. बहुतेक मार्गदर्शक इथे थांबतात.

थांबायला नको, कारण ३.१७ हा आकडा स्वतःच दहा सेलवरचा अंदाज आहे. त्याचं विश्वासांतर काय-वर्ग (काय-स्क्वेअर) या वेगळ्या वितरणाच्या तक्त्यातून काढता येतं. ९ स्वातंत्र्य मात्रेसाठी काय-वर्गाच्या मर्यादा २.७०० आणि १९.०२३. वर्गांची बेरीज ९०.४ त्यांनी भागून वर्गमूळ घेतलं की खरा सिग्मा २.२ ते ५.८ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो असं दिसतं. वरचं टोक खालच्याच्या अडीचपटीहून जास्त! सिग्मा खरोखर ५.८ असेल तर ४२ सेलवर ± १ तास मिळणार नाही.

चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ साली यावर दोन टप्प्यांची पद्धत दिली. पहिल्या टप्प्याचे १० सेल आपल्याकडे आहेतच. एकूण संख्या ठरवताना टी पहिल्या टप्प्याचाच घ्यायचा, म्हणजे ९ स्वातंत्र्य मात्रेचा २.२६२: (२.२६२ × ३.१७ ÷ १)² = ५१.४, म्हणून ५२ सेल. आणखी ४२ सेल त्याच पद्धतीने निवडून तपासायचे. शेवटच्या हिशेबात सरासरी सगळ्या ५२ सेलची घ्यायची, पण एस पहिल्या दहाचा आणि टी ९ चाच ठेवायचा. आकडे नॉर्मल असतील तर सिग्मा काहीही असो, ± १ तासाचं हे अंतर निदान ९५ टक्के वेळा खऱ्या सरासरीला पकडतंच. सगळ्या ५२ आकड्यांवरून नवा एस काढून ५१ स्वातंत्र्य मात्रेने अंतर काढण्याचा मोह होतो, आणि व्यवहारात तेही चालून जातं, पण मग रुंदी ± १ च राहील याची हमी उरत नाही.

सेल तपासायचा म्हणजे तो संपवायचा, त्यामुळे ४२ जास्तीचे सेल जड वाटले तर मर्यादेकडे पुन्हा बघा. ± १.५ तास चालणार असेल तर त्याच सूत्राने (७.१७ ÷ १.५)² = २२.८, म्हणजे एकूण २३ सेल पुरतात, आणखी फक्त १३.